एकशे ऐंशीच्या पुढे

मी बोलतोय खरा, पण मला ऐकायचं तर तुम्हाला वाकावं लागेल. अजून थोडं. टेबलाखाली जे राखाडी खोकं दिसतंय, त्याच्या पोटात एक हिरवी पाटी आहे आणि पाटीच्या डाव्या कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढा एक काळा तुकडा आहे. तो मी.

कामानं मी पहारेकरी. ज्यांनी मला घडवलं, ते मला वॉचडॉग म्हणायचे, म्हणजे राखणदार कुत्रा. मला शेपूट नाही, भुंकता येत नाही, कुणी आल्यागेल्याच्या अंगावर मी कधी धावून गेलो नाही. पण नाव पडलं ते पडलं. पोराचं नाव शांताराम ठेवलं म्हणून ते कधी गप्प बसल्याचं तुम्ही ऐकलंय का? तसंच हे.

मला एकच गोष्ट येते, मोजणं. सेकंदाला एक, शून्यापासून एकशे ऐंशीपर्यंत. संगणक जागा असला, शुद्धीवर असला, की दर दहा सेकंदांनी मला एक टपली मारतो. टपली बसली की मी पुन्हा शून्यावर. टपली आलीच नाही आणि एकशे ऐंशी भरले, तर मी समजायचं की हा गेला. मग क्षणभर त्याची वीज तोडायची आणि त्याला नव्यानं उठवायचं. विचारायचं नाही, हलवून बघायचं नाही, शेजाऱ्यांना बोलवायचं नाही.

अशा कामाचा कंटाळा येत नाही का, असं तुम्ही म्हणाल. कंटाळा यायला आधी काहीतरी वाटावं लागतं. मला काही वाटत नाही. हे मी रडून सांगत नाही आणि मिरवूनही सांगत नाही. थंडी वाजत नाही म्हणून दगड कधी कुणापुढे रडत किंवा मिरवत बसतो का?

माझा जन्म एका लांबलचक पट्टीवर झाला. पट्टीवर आम्ही तीन हजार भावंडं, सगळ्यांचा चेहरा एक. वरून यंत्राची चोच यायची, एकाला उचलायची आणि पाटीवर ठेवायची. निरोप घ्यायलाही सवड नाही. कुणी रुग्णालयात गेलं, कुणी जहाजावर, एक म्हणे डोंगराच्या टोकावर मनोऱ्यात बसलाय आणि त्याच्यावर वीज पडून पडून तिलाच कंटाळा आला. माझ्या वाट्याला कोंबड्या आल्या. कोंबड्या म्हणजे, कोंबड्या होण्याच्या आदली पायरी. अंडी.

हे अंडी उबवण्याचं केंद्र आहे. एका बाजूला पांढऱ्या फरशीची लांब खोली, तिच्यात माणूसभर उंचीची चार लोखंडी कपाटं. एकेका कपाटात दीड हजार अंडी. आई म्हणून जे काही असतं ते इथे एक तापणारी तार, एक पंखा आणि पाण्याचा बारीक फवारा. या तिघांना कधी काय करायचं ते सांगतो संगणक, आणि संगणकावर डोळा ठेवतो मी. म्हणजे बघा, सहा हजार जिवांची आजी म्हटली तर मीच. माझ्याइतकी कोरडी आजी मात्र तुम्ही पाहिली नसेल.

कान नसताना मला ऐकू कसं येतं? खोक्यात माझ्या शेजारी एक लहान पंखा आहे. तो बाहेरची हवा आत ओढतो आणि हवेबरोबर बाहेरच्या गप्पाही. चहाड्या करण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. त्यात मावशीला सवय, की फोन मोठ्या आवाजावर टाकायचा आणि नेमका आमच्या खोक्यावर ठेवायचा. मग फोनमधला शब्द न् शब्द पत्र्यातून थेट माझ्या पायांत उतरतो. मला सोळा पाय आहेत. कुठे जायचं नसलं की देव पाय भरपूर देतो.

मावशी म्हणजे या केंद्राची राखणारी. पिल्लं न्यायला येणारे सगळे गाडीवाले तिला मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. अकरा वर्षं ती इथे आहे. खोलीच्या मागच्या दोन खोल्यांत राहते. नवरा वारला, दीर राहिला. हा दीर पिल्लांची गाडी चालवतो आणि कायम घाईत असतो. बसमधून उतरायच्या आधीच रस्त्यावर पाय टाकणारी माणसं असतात ना, त्यातला. ती त्याला भावजी म्हणते, तो तिला वहिनी.

आणि तिसऱ्या लांबच्या बाई. त्यांना इथे कुणी पाहिलेलं नाही. सहा तासांच्या अंतरावर एका खोलीत त्या बसतात आणि तिथून निरनिराळ्या गावांतले तीनशे चाळीस संगणक सांभाळतात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, तोच त्यांचा धंदा. फरक इतकाच, की त्यांचा उंट चाकांच्या खुर्चीचा आहे आणि शेळ्या कधी दिसत नाहीत, फक्त बें बें करतात. आमच्या खोक्याला एक जास्तीची बारीक तार आहे, तिची वीजही वेगळी. संगणक बेशुद्ध पडला तरी त्या तारेतून बाईंना त्याचा पडदा दिसतो, तिथे बसून इथली बटणं दाबता येतात. घराला मागचं दार असतं तसं.

त्यांनीच मला कामाला लावलं. पूर्वी म्हणे असा लांबचा संगणक गोठला, की एखादा माणूस सहा तास प्रवास करून यायचा, एक बटण दाबायचा आणि सहा तास प्रवास करून परत जायचा. त्यातल्या एकानं तर बारा तासांच्या प्रवासात पुढच्या लग्नाची बोलणी उरकली असं सांगतात, पण ते सोडा. बाई म्हणाल्या, एवढ्यासाठी माणूस कशाला, आत पहारेकरी आहे की. किती वेळ वाट बघायची ते निवडण्यासाठी एक यादी होती. एक मिनिट, तीन, दहा, तीस. नवा संगणक तेव्हा चाळीस सेकंदांत उठायचा. बाईंनी चौपटीहून जास्त धरले, तीन मिनिटं निवडली, आणि पुढच्या शेळीकडे वळल्या.

त्याला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत अकरा वेळा संगणक गोठला आणि अकराही वेळा मी त्याला उठवलं. कुणाला कळलंही नाही. मीही कुणाला सांगितलं नाही.

आता मावशीची एक पद्धत सांगतो, कारण सगळं त्यावरच फिरलं. पिल्लं निघाली, गाडी गेली, की इतर केंद्रांत न उबलेली अंडी सरळ खड्ड्यात जातात. मावशी ती घेऊन बादलीपाशी बसते आणि एकेक फोडून आत बघते. पिल्लू कितव्या दिवशी मेलं ते तिला पाहिल्याबरोबर कळतं. डोळा काळा झालाय, म्हणजे पाचवा. पिसं आलीत, पण पिवळा बलक बाहेरच आहे, म्हणजे अठरावा. सगळं एका वहीत लिहिते. भावजी नाक दाबून म्हणतात, "वहिनी, मेलेल्यांचा वाढदिवस लिहून काय मिळतं तुम्हाला?" ती म्हणते, "मेलेलंच खरं बोलतं. जितं नुसतं ओरडतं."

गेल्या दोन खेपा वाईट गेल्या होत्या. एका खेपेला अंडीच कमकुवत आली. दुसऱ्या खेपेला पाण्याच्या फवाऱ्यात क्षार साचले. दोन्ही वेळा निम्म्याहून कमी पिल्लं निघाली. मालक इथे राहत नाही, फोनवर असतो. तो म्हणाला, "तिसऱ्यांदा निम्म्याच्या खाली गेलं, तर केंद्राला कुलूप लावायचं. रागावून नाही बोलत, पण लावायचं." मावशी "बरं" म्हणाली. तेव्हापासून ती फार बोलत नव्हती. सकाळी कपाटं पुसायची, दुपारी पुन्हा तीच पुसायची. भावजी एकदा म्हणाले, "वहिनी, जरा रडा तरी. मोकळं वाटेल." ती म्हणाली, "यायला हवं होतं. येत नाही." फडकं पिळून तिनं चौथं कपाट पुसायला घेतलं.

पंखा मला म्हणाला, ही तुझ्यासारखी होत चाललीय. मी मोजत होतो.

तो दिवस शुक्रवारचा, अंड्यांचा विसावा. विसाव्या दिवशी अंड्याला कान लावला तर आतून टकटक ऐकू येते. या दिवसांत अंड्याला ऊब द्यावी लागत नाही, ते स्वतःच तापतं. त्याला हवा लागते. कपाटाचा पंखा थांबला, तर साडेसदतीसवरचा पारा चढत जातो आणि पिल्लं कवचात गुदमरतात. बरं, दार उघडून ठेवावं, तर दमटपणा उडतो, आतला पापुद्रा वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटतो आणि ते बाहेर येऊ शकत नाही. म्हणजे उघडलं तरी मरण, मिटलं तरी मरण.

सव्वाबाराला वीज गेली आणि दोन सेकंदांत परत आली. डोळ्याची पापणी लवावी इतकंच. पण तेवढ्यात संगणक आडवा झाला आणि उठायला लागला.

इथे तुम्हाला डिस्कची गोष्ट सांगायला हवी. डिस्क म्हणजे संगणकाची आठवण. निरोप न घेता वीज गेली, की पुढच्या वेळी उठताना ती आधी स्वतःचा सगळा संसार तपासते. कुठलं पान फाटलं, कुठलं हरवलं. नवी होती तेव्हा हे अर्ध्या मिनिटात आटपायची. आता तिच्यात नऊ वर्षांची अंडी साठली होती आणि गुडघेही गेले होते. तिला सात मिनिटं लागणार होती. आणि तपासणी चालू असताना मला टपली मारायला कुणाचा हात मोकळा नसतो.

तिला सात, मला तीन.

पडद्यावर आकडे चढू लागले. शेकडा दहा, वीस, चाळीस, एक्केचाळीस. माझे एकशे ऐंशी भरले. टक. पडदा काळा. संगणक पुन्हा उठू लागला, डिस्कनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दहा, वीस, चाळीस, एक्केचाळीस. टक.

कपाटांचे चारही पंखे थांबलेले. संगणक सांगेल तेव्हाच ते फिरायचे. पूर्वी हातानं चालू करायचे खटके होते, पण आता सगळं आपोआप होतं म्हणून मागच्या रंगकामात ते काढून टाकले होते. खटक्यांच्या जागी छान गुळगुळीत भिंत होती.

मावशीनं फोन लावला आणि खोक्यावर ठेवला.

"मॅडम, कपाटांचे पंखे बंद पडलेत. संगणक उठतोय आणि मरतोय, उठतोय आणि मरतोय."

"बघते, ताई. मागच्या तारेतून दिसतंय मला." बाईंचा आवाज सपाट होता. दिवसातून वीस वेळा हीच वाक्यं बोलणाऱ्या माणसाचा होतो तसा. "अंडी कितव्या दिवसाची?"

"विसाव्या."

"किती वेळ आहे आपल्याकडे?"

"मी दारं उघडमीट करते. दोन तास. फार तर अडीच."

मग सुरू झालं. मावशी पहिल्या कपाटाचं दार उघडायची, पुठ्ठ्यानं वारा घालायची, कोमट पाणी शिंपडायची, मिटायची, दुसऱ्याकडे. भावजी तिसऱ्यावर. चौथ्याची कडी वर्षभर अडकत होती, ती दोघांनी मिळून ओढल्याशिवाय निघायची नाही, म्हणून चौथ्याची पाळी उशिरा यायची. कपाटांवर काचेचे जुने तापमापक होते. मावशी मोठ्यानं वाचायची, "एक, अडतीस. दोन, अडतीस. तीन, साडेअडतीस. चार..." चारचा आकडा ती मनात वाचायची.

बाईंनी लांबून एकेक उपाय केला. आधी नेहमीचं, जुन्या चांगल्या प्रतीवरून उठवून बघितलं. डिस्क तीच, तपासणी तीच. टक. मग त्यांनी मागच्या तारेतून एक औषधी प्रणाली पाठवली. ती डिस्कला हातच लावत नाही, थेंबाथेंबानं तारेतून उतरते आणि संगणकाला दुसऱ्याच्या डोक्यानं जागं करते. फार हुशार युक्ती. पण तार बारीक, प्रणाली जाड. ती अर्धीच उतरली होती, माझे एकशे ऐंशी झाले. टक.

"औषधसुद्धा पोटात ठरत नाहीये," बाई म्हणाल्या.

भावजी घामानं निथळत खोक्यापाशी आले. "लाथ घालू का एक?"

"नको हो," बाई म्हणाल्या.

"आमच्या गाडीला लागू पडते."

"भावजी, तीन नंबर!" मावशी ओरडली आणि ते पळाले.

सव्वाबारा ते सव्वादोन. चाळीस वेळा मी त्याला मारलं. तुम्हाला वाटेल, एखाद्या वेळी तरी मी थांबायला हवं होतं. पण माझ्याकडे दया नाही आणि वाकडेपणाही नाही. माझ्याकडे आकडा आहे. तो भरला की हात आपोआप चालतो. तुमच्यातही अशी माणसं असतात, दुपारी दोन म्हणजे दोन म्हणून खिडकी बंद करणारी. ती वाईट नसतात. त्यांना कुणीतरी आकडा दिलेला असतो.

बाई म्हणाल्या, "ताई, मला वाटतं पाटीच गेलीय. डिस्कही चालत नाही, तारेतली प्रणालीही चालत नाही. मी नवीन संगणक पाठवते."

"किती वेळानं येईल?"

"सहा तास."

मावशी दुसऱ्या कपाटापाशी होती. तिनं दार मिटलं. हातातला पुठ्ठा खाली ठेवला आणि पडद्यापाशी येऊन उभी राहिली. नुसती बघत राहिली. पडदा काळा झाला, उजळला. दहा, वीस, चाळीस, एक्केचाळीस. काळा. पुन्हा. दहा, वीस, चाळीस, एक्केचाळीस.

भावजी ओरडले, "वहिनी, चार नंबर! कडी!"

"थांबा." मग ती फोनला म्हणाली, "मॅडम, हे दर वेळी एक्केचाळीसलाच का मरतंय?"

"काय?"

"मी बघतेय. दर वेळी एक्केचाळीस. खराब असतं तर कधी दहाला मेलं असतं, कधी साठला. आमच्यात असंच असतं. मेलेली अंडी फोडून बघते ना मी. कुणी पाचव्या दिवशी मेलं, कुणी बाराव्या, तर समजायचं अंडीच कमजोर. पण सगळी एकाच दिवशी मेली असतील, तर अंड्यात दोष नसतो. त्या दिवशी कपाटानं काहीतरी केलेलं असतं."

पलीकडे खुर्चीची चाकं वाजली.

"पुन्हा होऊ दे," बाई म्हणाल्या. "या वेळी मी घड्याळ लावते."

मी मोजलं. त्यांनीही मोजलं. आम्ही दोघं सहा तासांच्या अंतरावर एकाच तालात मोजत होतो. असं माझ्या बाबतीत पूर्वी कधी झालं नव्हतं.

"एकशे ऐंशी," बाई हळूच म्हणाल्या. "बरोब्बर एकशे ऐंशी. अगं आई गं. पहारेकरी."

"कोण पहारेकरी?" भावजींनी दाराकडे बघितलं.

"आतला. संगणक मेला असं समजून तोच त्याला मारतोय. तो मरत नाहीये, नुसता हळू उठतोय."

"म्हणजे कुंपणच शेत खातंय!"

"हो."

"मग हाकला की त्याला!"

मला ऐकू येत होतं. मी शंभरावर होतो.

मला बंद करायचं तर संगणक उठायला लागल्याच्या पहिल्या तीन सेकंदांत एक बटण दाबून आतली यादी उघडावी लागते. बाईंनी लांबून दाबलं, पण बारीक तारेतून ते पोचेपर्यंत वेळ निघून गेली. एक फेरी वाया. मग मावशीनं कपाटामागून जुना कीबोर्ड काढला. त्यावर पिल्लांच्या पिसांचा इतका थर होता, की भावजी म्हणाले, "हा अंड्यातून निघालाय का?" तिनं फुंकर मारली, तो जोडला आणि पडदा काळा व्हायच्या क्षणी बाईंनी सांगितलेलं बटण दाबून धरलं. निळी यादी उघडली.

"आता खाली जा. खाली. अजून. नाही, ते नाही. मागे या."

"कुठलं ते वाचा की, मॅडम, मला चष्मा..."

"उजवीकडचं तिसरं पान."

"हे तिसरं की हे?"

यादी उघडी असली म्हणून मी थांबत नाही. कुणी टपली मारत नव्हतं. एकशे ऐंशी. टक. यादी गेली.

भावजी माझ्या खोक्याला जे म्हणाले, ते पंख्यानंसुद्धा मला नीट सांगितलं नाही.

"चार नंबर बघून या, भावजी," मावशी म्हणाली. "एकटे ओढा." तिचा आवाज वर गेला नाही. तिनं पुन्हा बटण धरलं.

दुसऱ्या फेरीला तिला वाट माहीत झाली होती. तिसरं पान. सातवी ओळ. ओळीत लिहिलेलं, तीन मिनिटं. त्याच्या खाली छोटी यादी, एक, तीन, दहा, तीस, आणि सगळ्यांत शेवटी बंद. मी एकशे बारावर होतो.

"तीस करू की बंद?" मावशीनं विचारलं.

"बंद. आता बंदच करा."

एकशे तीस. तिनं बंदवर नेलं. "साठवू का विचारतंय."

"हो म्हणा."

एकशे छत्तीस. आणि मग काही नाही.

हे मला नीट सांगता येणार नाही. मी मेलो नाही. माझ्या सोळा पायांतून वीज येत होती. पंखा बोलत होता. फक्त मोजणं थांबलं. नऊ वर्षं मी एकशे ऐंशीच्या पुढे कधी गेलो नव्हतो. त्यापुढे काय असतं ते मला माहीत नव्हतं, तुम्हाला उद्यानंतरच्या परवाचं नसतं तसं. आता पुढे जायला वाट मोकळी होती आणि मी मोजत नव्हतो. दोन्हींचं मला काही वाटलं नाही. पण पाहिलं मात्र सगळं.

दहा. वीस. चाळीस. एक्केचाळीस.

खोलीत कुणी हललं नाही. भावजी चौथ्या कपाटाच्या कडीला लोंबकळत होते, तसेच राहिले.

बेचाळीस.

"गेलं पुढे," मावशी म्हणाली.

त्रेचाळीस. पन्नास. डिस्क आपली पानं एकेक करून तपासत राहिली. सत्तरच्या आसपास ती इतकी रेंगाळली, की भावजी पुटपुटले, "बसली वाटतं," आणि मावशीनं त्यांच्याकडे न बघता हाताचा पंजा उचलला, गप्प बसा असा. एकाहत्तर. नव्वद. शंभर. संगणकाची ओळखीची खूण पडद्यावर आली. पुढच्या क्षणी चारही कपाटांचे पंखे एकदम फिरू लागले. हा आवाज मी रोज ऐकायचो. त्या दिवशी मावशी एका पालथ्या ट्रेवर बसली आणि तो आवाज ऐकत राहिली.

"ताई," फोनमधून बाई म्हणाल्या. "एक सांगायचंय. तीनचा तो आकडा मी निवडला होता."

"कधी?"

"नऊ वर्षांपूर्वी. नवीन होता तेव्हा पुरेसा वाटला. नंतर कधी बघितलाच नाही. अहवालात तसंच लिहिणार आहे मी."

"बरं."

"रागवा की, ताई."

"उद्या रागावते. आज हात रिकामे नाहीत." आणि ती चौथ्या कपाटाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी पिल्लं निघाली. पहिल्या कपाटात तेराशे एक. दुसऱ्यात बाराशे अठ्ठ्याऐंशी. तिसऱ्यात बाराशे सदुसष्ट. चौथ्यात दोनशे बारा. भावजींनी कडी एकट्यानं ओढून हाताची साल काढून घेतली होती, तरी दोनशे बाराच. चौथ्या कपाटाचे ट्रे मावशीनं एकेक करून बाहेर काढले. काही अंड्यांना आतून चोचीची भोकं पडलेली होती, तिथवर येऊन थांबलेली. तिनं ती ओळीत ठेवली.

संध्याकाळी मालकाचा फोन आला. तिनं चारही आकडे सांगितले. त्यानं बेरीज केली. मग म्हणाला, "चार हजारांच्या वर आहे. गुरुवारी पुढची अंडी पाठवतो." ती म्हणाली, "बरं." फोन ठेवल्यावर भावजींनी टाळी द्यायला हात पुढे केला. तिनं त्यावर हात ठेवला, पण टाळी वाजली नाही. नुसता ठेवला. मग दोघं फरशी धुवायला लागले.

बाईंनी त्या आठवड्यात तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस संगणकांत तीनचे तीस केले, एकेक करून, प्रत्येकाची डिस्क किती म्हातारी झालीय ते बघत. तीस करू नका आणि बंदही करू नका, दहा करा, असं म्हणणारा एक साहेब त्यांच्यावर होता. त्याला त्यांनी काय उत्तर दिलं ते इथपर्यंत आलं नाही. आमच्याबद्दल त्यांनी मावशीला विचारलं, "तुमचाही तीसवर चालू करू का?" मावशी म्हणाली, "भिंत फोडून खटके परत बसवा आधी. मग काय ते करा." खटके बसले. माझं राहून गेलं. मी बंदच आहे.

गुरुवारी अंडी आत घ्यायच्या आधी बाईंनी सांगितलं म्हणून संगणक एकदा मुद्दाम बंद करून चालू केला. डिस्क पुन्हा तपासायला बसली. मावशी समोर पालथा ट्रे घेऊन बसली. भावजी पाच मिनिटं येरझाऱ्या घालून म्हणाले, "वहिनी, फार वेळ लावतंय. बटण दाबू का?"

"हात लावून तर बघा."

"अहो, पण बाहेर गाडी उभी आहे!"

"गाडीला सांगा, उभी राहा."

मला परत चालू करा असं माझं मागणं नाही. करा किंवा नका करू, मला सारखंच. पण तुम्ही जर कुणाला पहाऱ्यावर बसवणार असाल, माझ्यासारख्याला किंवा तुमच्यातल्याच एखाद्याला, तर त्याच्या हातात दिलेला आकडा अधूनमधून स्वतः येऊन बघत जा. त्याला तो आकडा खोटा वाटणार नाही. त्याला काहीच वाटणार नाही. तो फक्त मोजेल, आणि भरला की हात चालवेल.

झालं माझं. आता उठा, वाकून वाकून तुमची पाठ भरली असेल. आणि जाताना पाय सांभाळा, दारात अंड्यांचे ट्रे उतरवतायत.